ऱ्हाईनचे खोरे आणि पाहणारांचे वाङ्मय

एखादे स्थळ ‘पाहण्याजोगे’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते पाहण्याजोगे कोणी ठरविले, हा प्रश्न बहुधा आपल्या मनात येत नाही. डोंगर, नदी, पडका किल्ला, जुने देऊळ ह्या वस्तू शेकडो वर्षे आपापल्या जागी असतात. त्यांच्या पायथ्याशी माणसे जन्मतात, राबतात आणि मरतात. परंतु आपण एका प्रेक्षणीय देखाव्यात वावरत आहोत, हे त्यांच्या गावीही नसते. पुढे केव्हातरी एखादा कवी किंवा चित्रकार तेथे येतो, चार ओळी लिहितो, आणि त्यानंतर येणारा प्रत्येक प्रवासी त्या चार ओळींच्या चौकटीतूनच तो डोंगर पाहू लागतो. वाङ्मयाने पाहणारास दृष्टी दिली, असे आपण कौतुकाने म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण ज्या चौकटीने काही दाखविले, तिनेच काही झाकले तर नाही ना, हे तपासून पाहणे टीकाकाराचे काम आहे. ह्या तपासणीस जर्मनीतील ऱ्हाईन नदीच्या मधल्या खोऱ्याइतके सोयीचे उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

हे उदाहरण निवडण्यास आणखीही एक कारण आहे. इंग्रजी शिकलेल्या वाचकाने ही नदी डोळ्यांनी पाहिली असो वा नसो, पुस्तकात ती त्याला फार पूर्वी भेटलेली असते. बायरनच्या ‘चाइल्ड हॅरल्ड’ काव्याच्या तिसऱ्या सर्गाबरोबर ती महाविद्यालयाच्या वर्गात शिरते आणि परीक्षा संपली तरी मनातून जात नाही. शिवाय हल्ली आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे युरोपची सहल करितात, आणि त्या सहलीत ऱ्हाईनवरील घटका दोन घटकांची जलयात्रा बहुधा असते. दोन्ही काठांवरील किल्ल्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून सांगितली जातात. लोरेलायचा खडक आला की सारे उठून उभे राहतात, छायाचित्रे घेतात, आणि पुन्हा खाली बसतात. अशा प्रवाशाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा ह्या लेखाचा व्यावहारिक प्रश्न आहे असे वाचकांनी समजावे.

प्रथम त्या खोऱ्याची ओळख करून घेऊ. बिंगेन आणि रूदेसहाइम ही गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. तेथून कोब्लेंट्सपर्यंत सुमारे ६५ किलोमीटर ऱ्हाईन पाटीच्या दगडाचे डोंगर कापीत अरुंद खोऱ्यातून वाहते. युनेस्को संस्थेने २००२ साली ह्या टापूस जागतिक वारशाचा मान दिला. उतारांवर दगडी बांध घालून केलेल्या ताली आहेत आणि त्यांत द्राक्षवेली आहेत. वर कड्यांवर किल्ले आहेत, आणि त्यांची संख्या चाळीसाच्या आसपास भरते. इतक्या थोड्या अंतरात इतके किल्ले का, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र काव्यात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. ऱ्हाईन हा मध्ययुगातील मोठा व्यापारी मार्ग होता आणि ज्याच्या हाती काठ त्याच्या हाती जकात, असा तेथील न्याय होता. काउब गावासमोर नदीच्या ऐन पात्रात, दगडी गलबत नांगरून ठेवावे तसा दिसणारा फाल्त्सग्राफेनश्टाइन हा किल्ला चौदाव्या शतकात बव्हेरियाच्या लुडविगने बांधला, तो जकात वसूल करण्यासाठी. बिंगेनजवळचा ‘उंदरांचा मनोरा’ ह्याचीही हकीकत तीच. दुष्काळात गोरगरिबांस कोठारात कोंडून जाळणाऱ्या हाट्टो नावाच्या धर्माध्यक्षास ह्या मनोऱ्यात उंदरांनी कुरतडून खाल्ले, अशी दंतकथा आहे. इंग्रज कवी सदी ह्याने १७९९ साली तिच्यावर एक पोवाडेवजा कविताही रचिली. परंतु मनोरा होता तो समोरच्या एरनफेल्स किल्ल्याच्या जकातीवर नजर ठेवणारा. थोडक्यात, ज्या वास्तूंपुढे उभे राहून रसिकांनी एवढे सुस्कारे टाकले, त्यांतील पुष्कळशा एका काळचे जकातनाके होत! ही जकातीची पद्धत १८६८ च्या मानहाइम येथील तहाने अखेर बंद झाली.

किल्ले पडके झाले त्याचेही कारण काळाची लीला एवढेच नव्हे. चौदाव्या लुईच्या फौजांनी १६८९ साली ऱ्हाईनकाठ पद्धतशीर उद्ध्वस्त केला. पुष्कळ किल्ले सुरुंग लावून उडविण्यात आले. सांक्ट गोआर येथील राइनफेल्स हा प्रचंड किल्ला १६९२ च्या वेढ्यास पुरून उरला, परंतु पुढे शंभर वर्षांनी क्रांतिकालीन फ्रेंच सैन्याने तोही उडविला. डोंगरावरील किल्ल्यांपैकी ब्राउबाख गावावरचा मार्क्सबुर्ग तेवढा अभंग राहिला. म्हणजे प्रवासी ज्यास ‘रम्य भग्नावशेष’ म्हणतो, ते बहुतेक ठिकाणी तोफेचे व सुरुंगाचे काम आहे. वेल चढण्यास आणि घाव झाकण्यास शंभर वर्षे पुरली, एवढेच.

ह्या अवशेषांस रम्यत्व आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. रूदेसहाइमच्या वर निडरवाल्ड नावाची वनराई आहे. तेथे काउंट फॉन ओस्टाइन ह्या सरदाराने विहारवन तयार केले, आणि १७८७ च्या सुमारास कड्याच्या टोकाशी एक कृत्रिम पडका किल्ला बांधविला. समोर, खाली, पलीकडे खरे पडके किल्ले हवे तितके असताना नवा पडका किल्ला बांधण्याची ही हौस पाहून हसू येते. पण रसिकतेच्या इतिहासात ही गोष्ट लहान नाही. त्याच वनात त्याने एक अंधारी गुहा रचिली. पाहुण्याने काळोखातून चाचपडत यावे, एका लहानशा गोल दालनात शिरावे, आणि झाडीतून कापून काढलेल्या वाटांच्या टोकाशी नदीचे एकेक दृश्य त्याला अकस्मात दिसावे, अशी ती योजना होती. ‘पाहण्याची जागा’ ही कल्पना येथे पूर्णत्वास गेली: काय पाहावयाचे, कोठून पाहावयाचे, आणि त्याआधी काय पाहावयाचे नाही, हे तिन्ही यजमानाने ठरविलेले. पुढील शंभर वर्षांत कवींनी व पुस्तकविक्यांनी जे केले, ते ह्या अंधाऱ्या गुहेचेच विस्तृत रूप होय, असे म्हणण्याचा आम्हांस मोह होतो.

नेपोलियनचा पाडाव झाल्यावर इंग्रज प्रवाशांची रीघ लागली. १८१६ साली बायरनचा तिसरा सर्ग प्रसिद्ध झाला. १८१७ साली चित्रकार टर्नर ऱ्हाईनकाठी हिंडला व त्या प्रवासावरून त्याने सुमारे पन्नास जलरंगी चित्रे केली. १८२७ पासून कोलोन व माइन्झ ह्यांच्यामध्ये आगबोटी नियमाने धावू लागल्या. १८२८ साली क्लाइन नावाच्या अध्यापकाने लिहिलेले ऱ्हाईनप्रवासाचे पुस्तक कोब्लेंट्स येथे निघाले होते. ते पुढे कार्ल बेडेकर ह्या प्रकाशकाने हाती घेतले. नाव ऐकून कोणी त्यास कोकणातला समजेल, पण हे गृहस्थ अस्सल जर्मन. त्यांच्या मार्गदर्शक पुस्तकांत पुढे स्थळांच्या नावांपुढे तारका छापण्याची प्रथा पडली, आणि अमुक डोंगर किती सुंदर हे एका चिन्हाने कळू लागले. काव्याने सुरू केलेले काम तारकेने पुरे केले.

आता ह्या वाङ्मयाचे मोल करू. बायरनवर असा आक्षेप घेतला जातो की त्याने ऱ्हाईनचा केवळ देखावा केला. आम्हांस तो आक्षेप सर्वस्वी न्याय्य वाटत नाही. त्याचा नायक वॉटर्लूच्या रणांगणावरून, रक्त पुरते वाळण्याआधी, ह्या खोऱ्यात येतो. किल्ल्यांकडे पाहताना तेथे राहणारे सरदार लुटारू होते, हे कवी विसरत नाही. उलट, जगज्जेते म्हणून गौरविलेल्या पुरुषांहून हे लुटारू कोणत्या बाबतीत कमी होते, असा खोचक प्रश्न तो विचारतो. कोब्लेंट्स येथे तो थांबतो ते मार्सो ह्या तरुण फ्रेंच सेनापतीच्या थडग्यापाशी. १७९६ साली पडलेला हा वीर इंग्लंडच्या शत्रुपक्षाचा. पण दोन्ही सैन्यांनी त्याच्यासाठी शोक केला म्हणून कवी त्यास मानवंदना देतो. शत्रूच्या थडग्यापुढे थांबता येणे हा दृष्टीचा मोठेपणा आहे. बायरनचे उणे आहे ते निराळ्या ठिकाणी. त्याच्या ऱ्हाईनला वर किल्ले आहेत, खाली पाणी आहे, मध्ये द्राक्षांनी भरलेले उतार आहेत, फुले घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलीही आहेत. पण त्या उतारांवर वाकून काम करणारे माणूस नाही. द्राक्षे जणू आपोआप पिकली आहेत.

ह्या बाबतीत मेरी शेलीचे उदाहरण बोलके आहे. १८१४ साली ती शेलीसह नावेने ऱ्हाईनवरून गेली. त्या प्रवासाच्या १८१७ सालच्या वृत्तान्तात सहप्रवासी सामान्य लोकांविषयी तिने लिहिले आहे ते तिरस्काराने. देखावा मात्र सुंदर होता! चारच वर्षांनी, १८१८ साली, ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीत तिने आपल्या पात्रांस त्याच नदीवरून नेले. तेथे हंगाम द्राक्षे खुडण्याचा आहे आणि मळ्यांतून कष्टकऱ्यांचे गाणे ऐकू येते. कादंबरीतील तो मजकूर प्रवासवृत्तापेक्षा सरस का, ह्याचे उत्तर आमच्या मते इतके सरळ आहे: एका ठिकाणी माणसे देखाव्याच्या आड आली होती, दुसऱ्या ठिकाणी ती देखाव्यात सामावली. अर्थात गाणे ऐकणे म्हणजे श्रम जाणणे नव्हे. पण मौनापेक्षा गाणे बरे.

लोरेलायची कथा ह्याहून अधिक गुंतागुंतीची आहे. सांक्ट गोआर्सहाउझेन गावाजवळ हा खडक नदीवर सुमारे १३२ मीटर उभा आहे. तेथे पात्र आवळते, वळते आणि सुमारे २५ मीटर खोल होते. खडकाचा प्रतिध्वनी जुन्या काळापासून प्रसिद्ध होता, आणि तेराव्या शतकातील एका कवीने निबेलुंगांचे धन तेथे पुरले आहे असे म्हटले होते. परंतु नावाड्यांस भुलविणारी सुंदरी त्या खडकावर कोणत्याही प्राचीन काळी बसलेली नव्हती. क्लेमेन्स ब्रेन्टानो ह्या कवीने १८०१ साली आपल्या ‘गॉडवी’ कादंबरीतील एका कथागीतात लोरे लाय नावाची स्त्री प्रथम निर्माण केली. ही बाखाराख गावची. प्रियकराने फसविलेली, पुरुष तिच्यावर भाळून नाश पावतात म्हणून चेटकीण ठरलेली. तिला मठात नेत असताना ती तीन सरदारांकडे एकच याचना करिते: मला ह्या खडकावर चढून माझ्या प्रियकराचा वाडा एकदा पाहू द्या. ती चढते, पाहते, आणि खाली पडते. पुढे काही ग्रंथकारांनी हे कल्पित जुनी दंतकथा म्हणून सांगितले, आणि १८२४ साली हाइन्रिख हाइने ह्याने आपली जगप्रसिद्ध कविता लिहिली. जिची ओळख तो पुरातन काळची कथा म्हणून करून देतो, तिचे वय त्या वेळी पुरते पंचवीस वर्षांचेही नव्हते! झिल्खर ह्या संगीतकाराने १८३७ च्या सुमारास तिला चाल लाविली, आणि मग ती लोकगीतच होऊन बसली.

ह्यास लबाडी म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. कथा नवी असेल, पण त्या कवितेत एक फार जुने सत्य आहे, आणि ते बोटीवरील प्रवाशास सहसा ऐकू येत नाही. हाइनेचा नावाडी बुडतो कशाने? सुंदरी त्याला ओढून नेत नाही. ती त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही, आपले सोनेरी केस विंचरीत बसलेली असते. तो बुडतो, कारण तो पाण्यातील खडकांकडे न पाहता वर पाहतो. प्रेक्षणीय स्थळावर लिहिलेल्या ह्या सर्वांत लोकप्रिय कवितेचा विषय, निरखून पाहिले तर, पाहण्यातला धोका हा आहे. ब्रेन्टानोची नायिकाही पाहण्याच्याच इच्छेने मरते. आणि ज्या बोटीवर हे गीत वाजते, तिच्यावरील सारे जण नावाड्याप्रमाणे माना वर करून उभे असतात! हाइनेचा उपरोध किती दूर पोहोचला, हे ह्याहून अधिक स्पष्ट काय होईल? नदीचा धोका मात्र काव्यापुरता उरलेला नाही. १३ जानेवारी २०११ रोजी ह्याच खडकाजवळ ‘वाल्डहोफ’ नावाचे, सुमारे २,४०० टन गंधकाम्ल वाहून नेणारे जहाज उलटले. त्यावरील दोन खलाशी प्राणास मुकले, आणि ऱ्हाईनवरील वाहतूक कित्येक आठवडे विस्कळीत झाली. लोरेलायच्या खडकाखाली आजही माणसे पोटासाठी नाव हाकतात, ही गोष्ट गीत ऐकताना ध्यानात असावी.

वाङ्मयाच्या चौकटीत केवळ सौंदर्य बसविले जाते असेही नाही; कधी त्यात सरहद्दही बसविली जाते. १८४० साली फ्रान्समध्ये ऱ्हाईन ही आपली पूर्व सीमा असावी अशी मागणी उठली, तेव्हा निकोलाउस बेकर ह्याने नदी जर्मनांचीच राहील असे गीत रचिले. त्यास १८४१ साली म्युसे ह्याने टोमणा मारून उत्तर दिले, तर लामार्तीनने शांततेचे गीत लिहून. शांततेचे गीत अर्थातच सर्वांत कमी गाजले. त्याच सुमारास श्नेकेनबुर्गर ह्याचे ‘ऱ्हाईनवरील पहारा’ हे गीत जन्मास आले. १८४२ साली व्हिक्टर ह्यूगोचा ‘ऱ्हाईन’ हा पत्ररूप ग्रंथ निघाला. वर्णनशक्तीच्या दृष्टीने त्याच्या तोडीचा ग्रंथ ह्या नदीवर क्वचितच असेल. भिंतीवरील शेवाळ, गल्लीतील मूल, संध्याकाळचा किल्ला ह्यांवर ह्यूगोची नजर सारख्याच प्रेमाने फिरते. आणि एवढे प्रेम करून झाल्यावर ग्रंथाच्या उपसंहारात तो सांगतो काय, तर नदीचा डावा काठ फ्रान्सला मिळावा! सौंदर्याचे वर्णन मालकीच्या दाव्याकडे किती सहज वळते, ह्याचे हे शिकण्यासारखे उदाहरण आहे.

उत्तर दगडाने मिळाले. १८७१ च्या साम्राज्यस्थापनेचे स्मारक म्हणून निडरवाल्डवर, ओस्टाइनच्या त्याच विहारवनाच्या माथ्यावर, सुमारे ३८ मीटर उंचीचे शिल्प उभारण्यात आले आणि २८ सप्टेंबर १८८३ रोजी सम्राटाच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. वर जर्मानियेची मूर्ती, खाली श्नेकेनबुर्गरचे पहाऱ्याचे गीत कोरलेले. त्या समारंभात स्फोट घडविण्याचा काही अराजकवाद्यांचा कट वात भिजल्यामुळे फसला. आज १९५४ साली सुरू झालेल्या तारेवरच्या पाळण्यात बसून, मळ्यांवरून तरंगत, प्रवासी तेथे जातो, आणि समोरचे विस्तीर्ण पात्र पाहून सुखावतो. ते पात्र खचित सुंदर आहे. परंतु ही पाहण्याची जागा पहारा ठेवण्याची जागा म्हणून बांधली गेली, आणि त्या पहाऱ्याच्या गीताने दोन्ही काठांवरील तरुणांच्या किती पिढ्या रणात नेल्या, हे जो विसरला त्याने तो देखावा अर्धाच पाहिला, असे आम्हांस वाटते.

आता ज्या एका जागेसाठी हा सारा प्रपंच केला तिच्याकडे येतो. बाखाराख गावात मंडईच्या देवळावरून वर चढू लागले की वाटेत छत नसलेले एक गॉथिक प्रार्थनामंदिर लागते. तांबूस दगडाच्या नाजूक कमानी, रिकाम्या खिडक्या, खिडक्यांतून आकाश व नदी. ऱ्हाईनकाठच्या अवशेषांत ह्याच्याइतके चित्रासारखे दुसरे नसेल, आणि चित्रकारांनीही त्याचे पांग फेडले आहेत. १६८९ साली वरचा श्टालेक किल्ला फ्रेंचांनी उडविला तेव्हा कोसळलेल्या दगडांनी ते भंगले. हे मंदिर वेर्नर नावाच्या मुलाचे. १२८७ साली ह्या मुलाचे प्रेत सापडले, ज्यूंनी त्यास धर्मविधीसाठी मारिले अशी कंडी पिकली, आणि ऱ्हाईन व मोझेल ह्यांच्या काठची ज्यू कुटुंबे कापून काढण्यात आली. राजा रुडॉल्फने आरोप खरा मानला नाही. पण लोकांनी मुलास संत केले व त्याच्या नावाने यात्रा सुरू केली. ट्रियरच्या धर्मप्रांताच्या पंचांगातून ह्या संताचा दिवस काढून टाकण्यास १९६३ साल उजाडावे लागले.

ज्या हाइनेने लोरेलायला अमर केले, त्यानेच ह्या दगडांचे तोंड उघडले. ‘बाखाराखचा राबी’ ही त्याची कथा अपुरीच राहिली. तरुणपणी आरंभिलेली ही कथा त्याने दमास्कस येथे ज्यूंवर पुन्हा तसाच आरोप आला त्या १८४० साली प्रसिद्ध केली. वल्हांडणाच्या रात्री राबी अब्राहाम आपल्या आप्तांसह पंक्तीस बसलेला आहे. दोन परके पाहुणे येतात. थोड्या वेळाने राबीच्या लक्षात येते की त्यांनी मेजाखाली एका मुलाचे प्रेत सरकविले आहे. तो चेहऱ्यावर काही न दाखविता पत्नी सारा हिला घेऊन निघतो, आणि नावेत बसून दोघे नदीवरून पळतात. मागे राहिलेल्यांचे काय होणार हे उघड आहे. अशा रात्री, नावेत, हाइने काय करितो? लहानपणी ऐकलेल्या ऱ्हाईनच्या कथा साराच्या कानांत पुन्हा गुणगुणू लागतात, आणि ती शांत होते. ह्या एका प्रसंगात ऱ्हाईनवरील सर्व वाङ्मयाचे मर्म आले आहे. कथा खोट्या नाहीत, निरुपयोगीही नाहीत. भ्यालेल्या जिवास त्या निजवितात. पण कशापासून पळताना निजवितात, हे येथे वाचकास आधीच सांगितलेले आहे. लोरेलायच्या कवितेत जे गाणे मारते, तेच येथे तारते, आणि दोन्ही ठिकाणी ते काही काळ सत्य विसरावयास लाविते. ज्या कवीने हे लिहिले त्याची पुस्तके त्याच्याच देशात १९३३ साली जाळण्यात आली. बाखाराखच्या रिकाम्या खिडकीतून नदी पाहावी, जरूर पाहावी. पण ही कथा वाचून पाहावी.

कोणी म्हणेल, दमलाभागलेला प्रवासी चार दिवस विसाव्यासाठी जातो. त्याच्या मागे जकात, सुरुंग, हत्या ह्यांचा ससेमिरा कशाला? ह्या आक्षेपात तथ्य आहे. इतिहासाची यादी पाठ म्हणून दाखविणारा वाटाड्या हा तारका मोजणाऱ्या प्रवाशाइतकाच कंटाळवाणा. सत्य सांगूनही विसावा मोडत नाही असे लिहिणे शक्य आहे काय? शक्य आहे, आणि त्याचा नमुना गटे ह्या महाकवीने घालून दिला आहे. १६ ऑगस्ट १८१४ रोजी तो बिंगेनच्या वरील टेकडीवर संत रोखसच्या जत्रेस गेला. युद्धात नासधूस झालेले मंदिर नुकतेच दुरुस्त झाले होते. नदीच्या दोन्ही काठचे लोक कित्येक वर्षांनी एकत्र येत होते. त्यावर त्याने १८१७ साली लिहिलेला लेख प्रवासवाङ्मयात आम्ही फार वरचा मानतो. टेकडीवरून दिसणाऱ्या देखाव्याचे वर्णन त्यात आहेच. पण गटे गर्दीत मिसळतो, बाकावर सरकून जागा करून घेतो, कोणत्या उताराचा कोणता रस चांगला ह्यावरील वादात भाग घेतो, शेतकऱ्यांच्या तोंडची पावसापाण्याची भाकिते टिपून घेतो, आणि मद्यपानाच्या मर्यादेवरील एका धर्मगुरूचे मिस्कील प्रवचनही ऐकवितो. युद्धाची आठवण आहे, पण आरडाओरड नाही. आनंद आहे, पण विस्मरण नाही. येथे माणसे देखाव्याच्या आड येत नाहीत. ती नसती तर देखावाच नसता.

आणि हे शेवटचे वाक्य शब्दशः खरे आहे. ऱ्हाईनचे ते उतार निसर्गाने तसे केलेले नाहीत. नाशिककडील वाचकांस द्राक्षबाग नवी नाही. पण तेथील वेल सपाट मळ्यात मांडवावर चढते, येथील वेल उभ्या कड्यावर. बांध दगडावर दगड रचून घातलेले. पाटीचा काळा दगड दिवसा तापतो आणि रात्री ती ऊब वेलीस देतो, म्हणून इतक्या उत्तरेस रीझलिंग जातीचे द्राक्ष पिकते. छाटणी, बांधणी, खुडणी बहुतेक हातानेच, तोल सांभाळीत. ह्या कष्टास पुरेसा मोबदला मिळेनासा झाला तसतसे मळे ओस पडू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या मध्य-ऱ्हाईन टापूत दोन हजार हेक्टरांवर द्राक्षलागवड होती; आज ती पाचशे हेक्टरांहूनही कमी आहे. जो मळा सुटला त्याच्या तालीवर काटेरी झुडूप येते, बांध ढासळतो, आणि बायरनने पाहिलेला उतार एका पिढीत दिसेनासा होतो. किल्ल्यास राजाश्रय मिळाला: राइनश्टाइन व श्टोल्त्सेनफेल्स हे प्रशियाच्या राजपुत्रांनी गेल्या शतकाच्या आदल्या शतकात पुन्हा उभारिले. आगगाडीच्या बोगद्यांच्या तोंडांवरसुद्धा किल्ल्यासारखे बुरूज चढविण्यात आले. कोलोनच्या बाजूस ड्राखेनफेल्सचा डोंगर दगडांच्या खाणीपायी कोसळत होता, तो प्रशिया सरकारने १८३६ साली विकत घेऊन वाचविला. आणि त्या डोंगराचे नाव सर्वतोमुखी करण्यात बायरनच्या ओळींचा वाटा मोठा होता, हे वाङ्मयाच्या जमेस मांडले पाहिजे. पण बांध रचणाऱ्या कुणब्यावर कोणी गीत लिहिले नाही, म्हणून त्याचा बांध तारकेविना राहिला आणि ढासळला.

तात्पर्य, प्रवासवाङ्मयाची परीक्षा कशाने करावी, तर त्याने देखावा किती रंगविला ह्यावरून नव्हे. ते वाचून गेल्यावर देखाव्यातील कोणती गोष्ट आपणांस आधी दिसत नव्हती ती दिसू लागली, ह्यावरून करावी. ह्या कसोटीस बायरन अर्धा उतरतो, ह्यूगो वर्णनात उतरतो व उपसंहारात घसरतो, हाइने दोन्ही वेळा उतरतो, आणि गटे सर्वांहून सहज उतरतो. ऱ्हाईनकाठी जाणाऱ्या आमच्या वाचकांनी बोटीवर बायरन अवश्य घ्यावा. बाखाराखला उतरून राबीची कथा त्या कमानींखाली बसून वाचावी, ती शेसव्वाशे पानांचीही नाही. आणि बिंगेनच्या टेकडीवर गटेचा लेख सोबत ठेवावा. मद्य कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये, हा ज्याच्या त्याच्या आचाराचा प्रश्न. परंतु तालींमधून जाणाऱ्या पायवाटेने तासभर चढून, ढासळलेला एखादा बांध आणि शेजारचा नीट राखलेला बांध हे दोन्ही हात लावून पाहावेत. कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात त्यांच्यापुढे तारका आढळणार नाही.